शेवटचं प्रकरण लिहायच्या आधी क्रियापदं तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा मसुदा जवळजवळ तयार आहे, विषयवार प्रकरणं लिहून झाली आहेत, आणि आता समितीनं तुमच्याकडे शेवटचं प्रकरण सोपवलंय, 'विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना'. वीसेक पानं. त्यात कोणत्या अक्षमतेसाठी काय लिहावं आणि अभ्यासक्रमाची पातळी खाली न आणता हे कसं जमवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी विशेष शिक्षिका होते. नंतर बरीच वर्षं पाठ्यपुस्तकं, स्वाध्याय आणि प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या मुलांसाठी अनुकूल करण्याचं काम केलं. त्या अनुभवावरून सांगते, ते शेवटचं प्रकरण तूर्त बाजूला ठेवा आणि मसुद्याचं पहिलं पान उघडा.

गणिताचा शिक्षक गणिताची पानं उघडतो, आपल्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं ते सांगणारी वाक्यं, बघतो आणि त्यावरून पाठ टिपण करतो. शेवटच्या प्रकरणापर्यंत तो पोचतच नाही. पोचला तरी तोवर उद्दिष्टं ठरलेली असतात, कृती ठरलेल्या असतात, परीक्षेचा आराखडाही ठरलेला असतो. मग दृष्टिहीन मुलीला किंवा बोलायला वेळ लागणाऱ्या मुलाला उरलेल्या फटीत बसवावं लागतं. मी स्वतः अशी प्रकरणं लिहिली आहेत, मनापासून लिहिली आहेत. पुढे शाळांमध्ये गेले की ती पानं कोरी करकरीत दिसायची आणि त्याच पुस्तकातली विषयाची पानं हाताळून मऊ झालेली असायची.

म्हणून सुरुवात निष्पत्तींच्या वाक्यांपासून करा, त्यातही क्रियापदांपासून. मुलांची वाट अडवणारी गोष्ट बहुतेक वेळा आशयात नसते, ती वाक्याच्या शेवटच्या शब्दात असते.

एक उदाहरण घेऊ. 'विद्यार्थी वनस्पती पेशीची सुबक नामनिर्देशित आकृती काढतो.' हे वाक्य इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्यात काही खटकतच नाही. पण यात शिकायचं काय आहे? पेशीचे भाग कोणते, ते कुठे असतात, प्रत्येकाचं काम काय, प्राणी पेशीपेक्षा यात वेगळं काय. 'काढतो' हे हाताचं कौशल्य झालं, 'सुबक' हे तर चित्रकलेचं. हात थरथरणाऱ्या मुलाला पेशीभित्तिका का असते हे उत्तम सांगता येईल आणि तरी तो या निष्पत्तीत नापास ठरेल. वाक्य असं केलं तर: 'विद्यार्थी वनस्पती पेशीचे मुख्य भाग ओळखतो, त्यांच्या जागा दाखवतो आणि प्रत्येकाचं काम स्पष्ट करतो.' पातळी तसूभरही खाली आली नाही. उलट वाढली, कारण आता पाठ केलेली आकृती गिरवून सुटका नाही.

प्रत्येक निष्पत्तीला तीन प्रश्न विचारा. इथे खरं शिकायचं काय आहे? या क्रियापदात कुठलं इंद्रिय किंवा कुठला अवयव दडलाय? आणि तो शिकण्याचाच भाग आहे, की सवयीनं आलाय? 'घड्याळ पाहून वेळ सांगतो' यातलं 'पाहून' सवयीनं आलंय. काटे चाचपता येणारं घड्याळ असतंच. 'उत्तर मोठ्यानं सांगतो' यातलं 'मोठ्यानं' सवयीचं. 'यादी लिहितो', 'परिच्छेद लिहितो' यांत लेखणी अपेक्षित आहे की विचारांची मांडणी, हे ठरवून लिहा.

तिसरा प्रश्न मात्र नेटानं विचारायला हवा, कारण उत्तर दर वेळी 'सवयीनं आलाय' असं येत नाही. पहिली-दुसरीत अक्षरं जुळवून वाचायला शिकणं हेच उद्दिष्ट असतं. तिथे संगणकानं उतारा वाचून दाखवला तर मुलाची सोय होण्याऐवजी शिकायची गोष्टच गळून पडते. त्याच मुलाला वरच्या इयत्तेत इतिहासाचा धडा ऐकून समजून घ्यायचा असेल, तर तीच वाचून दाखवणारी प्रणाली अगदी योग्य. साधन तेच, पण एका जागी ते दार उघडतं आणि दुसऱ्या जागी शिकणंच हिरावून घेतं. म्हणून 'वाचनात अडचण असलेल्या मुलांना ध्वनी स्वरूपात मजकूर द्यावा' असं सरसकट वाक्य शेवटच्या प्रकरणात टाकून उपयोग नाही. कुठे द्यावा आणि कुठे देऊ नये, हे त्या त्या निष्पत्तीशेजारीच लिहावं लागतं.

उद्दिष्ट आणि वाट वेगळी करण्याच्या या विचारामागे मोठी परंपरा आहे. इमारती पहिल्यापासूनच सगळ्यांना वापरता येतील अशा बांधाव्यात, नंतर उतार जोडत बसू नये, हा सार्वत्रिक रचनेचा विचार वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी मांडला. अमेरिकेत १९८४ साली स्थापन झालेल्या 'कास्ट' या संस्थेनं तो अध्यापनात आणला. मुलाला शिकण्यात गुंतवण्याच्या, माहिती समोर ठेवण्याच्या आणि मुलानं आपलं शिकणं दाखवण्याच्या एकापेक्षा जास्त वाटा आधीपासूनच ठेवायच्या, हा त्याचा गाभा. त्यांची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये पहिल्यांदा आली, तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. समितीतल्या सगळ्यांना ती वाचायला द्या. पण त्यांचा तक्ता उचलून मसुद्यात चिकटवू नका. तो विचार वाक्यावाक्यात उतरला तरच उपयोग.

आता पातळीबद्दल, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. दोन शब्द वेगळे ठेवा आणि मसुद्यात पहिल्याच पानावर त्यांच्या व्याख्या द्या: 'सोय' आणि 'बदल'. सोय म्हणजे उद्दिष्ट तेच, तिथवर जायचा रस्ता वेगळा. ब्रेल, मोठा ठसा म्हणजे मोठ्या अक्षरांतली छपाई, सांकेतिक भाषा, जास्तीचा वेळ, मुलाच्या वतीनं उत्तरं लिहिणारा लेखनिक, टंकलेखन या सगळ्या सोयी. बदल म्हणजे उद्दिष्टच वेगळं, कमी खोल किंवा कमी विस्ताराचं. अक्षमता असलेल्या बहुतेक मुलांना फक्त सोय लागते. बदल लागणारी मुलं थोडी असतात, आणि तो निर्णय पालकांना समोर बसवून, कारणं लिहून आणि ठरावीक काळानं पुन्हा तपासून घ्यायचा असतो.

हे दोन शब्द मिसळले की फार मोठा अन्याय होतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. ब्रेल पुस्तक वेळेवर आलं नाही म्हणून एका हुशार दृष्टिहीन मुलाला वर्षभर 'सोप्या' तोंडी प्रश्नांवर ठेवलेलं मी पाहिलंय. त्याला बीजगणिताची समीकरणं कुणी दिलीच नाहीत. प्रगतिपुस्तकात शेरा चांगला होता आणि वर्गात सगळे त्याच्याशी प्रेमानं वागत. त्याला लागत होती सोय, आणि मिळाला बदल, तोही न सांगता. पुढच्या वर्षी समीकरणांवरच उभं असलेलं प्रकरण आलं तेव्हा त्याच्या पायाखाली काहीच नव्हतं.

आणि ज्यांना खरोखर बदल लागतो, त्यांच्यासाठी वर्ग, विषय आणि घटक तेच ठेवा, फक्त किती खोलात जायचं ते वेगळं ठेवा. बौद्धिक अक्षमता असलेली तेरा वर्षांची एक मुलगी माझ्या आठवणीत पक्की बसली आहे. वर्गात जलचक्र चाललं होतं. बाकीची मुलं तापमान आणि बाष्पीभवनाचा वेग यांच्या नोंदी करत होती. तिच्यासाठी आम्ही अंगणात फरशीवर पाणी ओतलं आणि त्या डबक्याभोवती खडूनं रेघ ओढायला सांगितलं. दर तासाला ती बाहेर जायची आणि पाण्याच्या कडेनं नवी रेघ ओढायची. रेघेच्या आत रेघ, तिच्या आत आणखी एक. चौथ्या खेपेला तिनं पाण्याच्या कडेवर रेघ ओढलीच नाही, तर खडू थेट पाण्यात टेकवला, कडेपासून बोटभर आत. मी विचारलं, 'इथे का गं?' ती म्हणाली, 'पाणी इथे येणार.' तिनं अंदाज बांधला होता. निरीक्षणावरून पुढचं सांगणं हे विज्ञानाचं काम आहे, आणि ते तिनं वर्गाच्या त्याच घटकात केलं. तिला वेगळ्या खोलीत बसवून चित्रं रंगवायला दिली असती तर हे घडलंच नसतं.

अशा शिकण्याची नोंद कशी करायची यावर देशोदेशी विचार झालाय. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात शिक्षकानं मुलाच्या वयाला साजेशा आशयापासूनच सुरुवात करायची असते, आणि मग मुलाच्या गरजेप्रमाणे उद्दिष्ट जुळवून घ्यायचं असतं. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या पातळीखाली काम करणाऱ्या मुलांसाठी 'पी स्केल्स' नावाची मोजपट्टी होती, ती मागे घेतली गेली. विषयनिहाय अभ्यासापर्यंत न पोचलेल्या मुलांसाठी २०२१ पासून 'एंगेजमेंट मॉडेल' आलं. त्यात शोध घेणं, उमगणं, अंदाज बांधणं, चिकाटी आणि पुढाकार या पाच अंगांनी मुलाकडे बघतात. खडू पाण्यात टेकवणारी ती मुलगी या पाचांपैकी एका अंगात नेमकी बसते. शाळेची रीतसर नोंदवही मात्र तेव्हा 'विषयात प्रगती नाही' असंच म्हणाली असती.

आकृत्या, नकाशे आणि आलेख यांच्यावर जरा जास्त लिहिते, कारण मसुद्यात सगळ्यात कमी विचार त्यांचाच झालेला असतो.

जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या एका मुलीसाठी मी हृदयाची आकृती केली होती. पुस्तकातली जशीच्या तशी, बोटांना लागेल अशा उठावाच्या रेघांत केली: चार कप्पे, झडपा, सगळ्या रक्तवाहिन्या आणि प्रत्येक भागापासून नावाकडे जाणारी रेघ. तिनं दोन्ही हातांनी कागद चाचपला. बोट कप्प्याच्या भिंतीवरून निघायचं, मध्येच नावाच्या रेघेला लागायचं आणि हृदयाच्या बाहेर जायचं. बराच वेळ चाचपून ती म्हणाली, 'ताई, यातली भिंत कुठली आणि वाट कुठली?' चूक माझी होती. डोळा पूर्ण चित्र एकदम घेतो आणि मग तपशिलात उतरतो. बोट तुकड्या-तुकड्यानं गोळा करतं आणि चित्र मनात जुळवतं.

नंतर आम्ही त्याच आकृतीचे चार कागद केले. पहिल्यावर नुसता बाहेरचा आकार आणि चार कप्पे. दुसऱ्यावर झडपा. तिसऱ्यावर रक्तवाहिन्या. चौथ्यावर रक्ताचा मार्ग. लाल-निळ्या रंगांऐवजी दोन वेगळे पोत, एक गुळगुळीत आणि एक खरखरीत. नावांच्या रेघा सगळ्या काढून टाकल्या, जागेवर क्रमांक दिले आणि सूची वेगळ्या कागदावर ठेवली. शेजारच्या दोन रेषांमध्ये किमान ३ मिलिमीटर अंतर राखलं, नाहीतर बोटाला दोन्हींची एकच रेघ लागते. आणि या सगळ्याच्या आधी मातीचं हृदय हातात दिलं. मग तिनं असा प्रश्न विचारला जो डोळस मुलांनी कधी विचारला नव्हता: 'डावा कप्पा उजव्या हाताला का आहे?' मी तिला तो कागद स्वतःच्या छातीला लावायला सांगितलं, उठावाची बाजू बाहेर. तिनं हात फिरवला आणि म्हणाली, 'म्हणजे हे समोरच्या माणसाचं आहे.' आकृती समोरून पाहिलेली असते, हे पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

यातून अभ्यासक्रमासाठी निघणारी गोष्ट अशी: प्रत्येक आकृतीशेजारी ती कशासाठी आहे हे एका वाक्यात लिहायची अट घाला. 'रक्त कुठून कुठे जातं हे दाखवण्यासाठी' असं लिहिलेलं असेल तर अनुकूलन करणाऱ्याला काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते कळतं. ज्या आकृतीसाठी असं वाक्य लिहिता येत नाही ती शोभेची आहे. ती खुशाल असू द्या, पण तिच्यावर प्रश्न विचारू नका. आणि केवळ रंगावर अवलंबून असलेला नकाशा किंवा तक्ता मंजूरच करू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं कुठल्याही मोठ्या शाळेत सापडतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण १२ जणांत १ इतकं आहे. रंगाच्या जोडीला रेघा, ठिपके किंवा अक्षर द्यायला काहीच खर्च येत नाही. पडद्यावरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा, हा जगभर मान्य झालेला निकष मसुद्यात आकड्यानिशी लिहा. 'वाचता येईल असा' असं लिहिलंत तर प्रत्येक छापणारा आपल्या डोळ्यांनी ठरवेल.

गणिताचं पुस्तक हा तर वेगळाच विषय. ब्रेलच्या एका घरात सहा टिंबं असतात आणि त्यांच्या ६३ जुळण्या होतात. तेवढ्यात अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि गणिताची चिन्हं बसवायची असतात. वर-खाली लिहिलेला अपूर्णांक तिथे एकाच ओळीत येतो, म्हणून तो कुठे सुरू झाला, अंश कुठे संपला आणि छेद कुठवर आहे यांच्या खुणा द्याव्या लागतात. स्वतः दृष्टिहीन गणितज्ञ असलेल्या अब्राहम नेमेथ यांनी यासाठी केलेली संकेतप्रणाली १९५२ मध्ये आली. ब्रेलच्या सर्वसाधारण पानावर साधारण २५ ओळी मावतात, ओळीत ४० घरं. म्हणजे छापील पुस्तकाचं एक पान ब्रेलमध्ये दोन-तीन पानं खातं, आणि एका पुस्तकाचे कित्येक खंड होतात. हे आधी माहीत असेल तर 'पान ४२ वरची आकृती पाहून पान ४७ वरचं उदाहरण सोडवा' अशा सूचना लिहिताना हात थांबतो. दृष्टिहीन मुलासाठी ते दोन वेगळे खंड असू शकतात.

याच्याशी जोडलेली, कुणाच्या फारशी लक्षात न येणारी पण निर्णायक गोष्ट म्हणजे मूळ फाइल. प्रकाशकाकडून छापील पुस्तकासोबत रचना असलेली फाइल घ्यायची अट करारातच असू द्या. त्यात मथळे मथळे म्हणून खुणावलेले असावेत, चित्रांची वर्णनं असावीत, समीकरणं चित्र म्हणून नव्हे तर वाचता येणाऱ्या गणिती मांडणीत असावीत. अशी फाइल मिळाली तर ब्रेल, मोठा ठसा आणि ध्वनी ही तिन्ही रूपं तिच्यातून निघतात. नाही मिळाली तर कुणीतरी पान-पान स्कॅन करत बसतं आणि सत्र सुरू होऊन काही महिने गेल्यावर पहिला खंड येतो. परवानगीची अडचण पुढे करणाऱ्यांना माराकेश कराराची आठवण करून द्या. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती करायला कॉपीराइट आड येऊ नये म्हणून तो २०१३ मध्ये झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू आहे. त्याला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. छापील प्रत आणि सुलभ प्रत एकाच दिवशी मुलांच्या हातात पडली पाहिजे, हे वाक्य मसुद्यात बंधनकारक म्हणून घाला.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत प्रश्न आधी भाषेचा आहे, यंत्राचा नंतर. १८८० मध्ये मिलान इथे भरलेल्या परिषदेनं शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. त्याबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेनं व्हँकुव्हर इथे खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये. एक मुलगा अंकांत मांडलेली वजाबाकी बिनचूक करायचा. पण शाब्दिक उदाहरण आलं की चुकायचा. 'पहिल्याकडे १२ मणी आहेत. दुसऱ्यापेक्षा ते ५ नं जास्त आहेत. दुसऱ्याकडे किती?' त्याचं उत्तर १७. 'जास्त' दिसलं की बेरीज, हे त्यानं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. तेच उदाहरण मी सांकेतिक भाषेत सांगितलं. त्यात पहिल्याला डावीकडे ठेवलं, दुसऱ्याला उजवीकडे, आणि तुलना हवेत त्या दोन जागांमध्ये दाखवली. मी हात खाली घ्यायच्या आत त्यानं बोटांनी ७ दाखवले. त्याला गणित येत होतं. आम्ही त्याची परीक्षा घेत होतो ती त्याच्या दुसऱ्या भाषेची.

म्हणून भाषांच्या प्रकरणात सांकेतिक भाषा हा विषय म्हणून यायला हवा, तिच्या स्वतःच्या निष्पत्तींसह. संयुक्त राष्ट्रांच्या अक्षम व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचं कलम २४ सांकेतिक भाषा शिकण्याची सोय करायला सांगतं. करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला. शिवाय विज्ञान आणि गणिताच्या पारिभाषिक शब्दांसाठी खुणांचा कोश लागतो, आणि तो कर्णबधिर शिक्षकांसोबत बसून करायचा असतो. नाहीतर दुभाषी 'प्रकाशसंश्लेषण' अक्षर-अक्षर बोटांनी लिहीत राहतो आणि मुलाचा धडा तिथेच सुटतो. 'ओठ वाचेल की' असं कुणी म्हटलं तर त्यांना आरशासमोर उभं राहून आवाज न करता पान, बाण, मान असे तीन शब्द म्हणायला सांगा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांसाठी वर्गखोलीही महत्त्वाची. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, घुमणारा आणि गोंगाटाचाही. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. तेव्हा चर्चा आणि गटकार्य सुचवताना एका वेळी एकानं बोलण्याची पद्धत कृतीतच लिहून टाका.

वाचनात अडखळणारी, लक्ष टिकवायला त्रास होणारी आणि स्वमग्न मुलं संख्येनं पुष्कळ असतात, पण त्यांच्यासाठी मसुद्यात करायच्या गोष्टी तुलनेनं सोप्या आहेत. एका वाक्यात एकच सूचना. प्रकरणाच्या सुरुवातीला आज काय करायचं याचा क्रम. अक्षरांत आणि ओळींत मोकळी जागा. डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचनातल्या अडचणीसाठी, म्हणून विकले जाणारे खास टंक (फॉन्ट) घेण्यात पैसे घालू नका. त्यांचा ठोस फायदा दिसून आलेला नाही, अंतर आणि आकार यांचा होतो. नदीच्या आत्मवृत्तासारख्या कल्पनेच्या प्रश्नाला एक पर्यायी प्रश्न ठेवा, जिथे तीच भाषिक क्षमता वस्तुनिष्ठ वर्णनातून दाखवता येईल. आणि आशय थोडा कमी करा. हे मी कळकळीनं सांगते: खच्चून भरलेला अभ्यासक्रम सगळ्यात आधी याच मुलांना बाहेर फेकतो, कारण धडा संपवायच्या घाईत शिक्षकाला थांबायला वेळच उरत नाही.

मूल्यमापन बदललं नाही तर वरचं सगळं वाया. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे हातापायांच्या हालचालींवर पुरता ताबा नसलेल्या एका मुलाला परीक्षेत दोन समीकरणांचे आलेख काढायचे होते. अक्ष आखण्यातच त्याचा निम्मा वेळ गेला, घाम फुटला, आणि रेषा वाकड्या आल्या म्हणून गुणही गेले. बाहेर आल्यावर मी त्याला तोंडी विचारलं. रेषा कुठे छेदतात, त्या बिंदूचा अर्थ काय, आणि समांतर असत्या तर काय झालं असतं, हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. आखलेले अक्ष आधीच छापून दिले असते, किंवा चुंबकी फळीवर पट्ट्या ठेवू दिल्या असत्या, तर त्याला जे येत होतं ते कागदावर आलं असतं. म्हणून प्रत्येक निष्पत्तीसाठी ती दाखवण्याचे किमान दोन मार्ग लिहा आणि परीक्षा मंडळाला ते बांधून घ्या. सोय वर्षभर वर्गात वापरलेली असावी. लेखनिक परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा भेटला तर मुलाची निम्मी शक्ती त्याला समजावण्यात जाते, आणि गणिताची चिन्हं न कळणारा लेखनिक तर नसलेला बरा. इतिहासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत, हेही तिथेच लिहून टाका.

कोणत्या अक्षमतेसाठी काय लिहावं, असं तुम्ही विचारलं होतंत. शीर्षकं अक्षमतांच्या नावांनी देऊ नका, असं माझं मत आहे. 'दृष्टिहीन', 'स्वमग्न' अशी प्रकरणं केली की शिक्षक आधी मुलावर शिक्का शोधतो. प्रमाणपत्र नसलेल्या मुलाला मग काहीच मिळत नाही, आणि एका शिक्क्याखालची दोन मुलं एकमेकांपासून किती वेगळी असतात तेही विसरलं जातं. पोर्तुगालनं २०१८ च्या कायद्यात मुलांचं वर्गीकरण करून मग आधार द्यायची पद्धत सोडली आणि सगळ्यांसाठीच्या, निवडक आणि जास्तीच्या अशा तीन पातळ्यांच्या उपायांवर रचना उभी केली. इटलीनं तर १९७७ मध्येच वेगळे वर्ग बंद करून मुलांना सर्वसाधारण वर्गात आणलं. दोन्ही देशांत अडचणी आहेतच, पण दोघांनीही शाळेनं काय बदलायचं इथून सुरुवात केली.

आणि या सगळ्याचं ओझं एकट्या वर्गशिक्षकावर टाकू नका. पाच मुलांसाठी पाच पाठ टिपणं करा असं सांगितलंत तर तो एकही करणार नाही, आणि त्याची चूक नसेल. स्पर्शचित्रं, खुणांचे चित्रफिती कोश, सोप्या भाषेतले सारांश आणि पर्यायी प्रश्न हे राष्ट्रीय पातळीवर एकदाच तयार व्हावं आणि पुस्तकासोबतच मिळावं. शिक्षकानं त्यातून निवडावं.

समितीला वीस पानं हवीच असतील तर त्यात एवढंच ठेवा: सोय आणि बदल यांच्या व्याख्या, बदलाचा निर्णय कोण घेतं, कधी तपासतं, पालकांनी आणि मुलानं असहमती कुठे नोंदवायची, साहित्य किती दिवसांत मिळायचं आणि न मिळाल्यास जबाबदार कोण. मुलाला विचारल्याशिवाय त्याची सोय ठरवू नये, हेही त्यात येऊ द्या. एका मुलीला मोठ्या ठशाची जाडजूड पुस्तकं वर्षभर दिली गेली होती. तिला हवा होता टेबलावर तिरका ठेवता येणारा स्टँड आणि खिडकीकडे पाठ असलेली जागा. कुणी विचारलंच नव्हतं.

सुरुवात लहान करा. एक विषय, एक इयत्ता घ्या. निष्पत्तींतल्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ ओढा आणि ते तीन प्रश्न लावा. दोन जणांना दोन-तीन दिवस पुरतात. मग त्यातला एकच घटक घेऊन अशा वर्गात जा जिथे न दिसणारं, न ऐकू येणारं, वाचनात अडखळणारं आणि सावकाश शिकणारं मूल बसलेलं आहे. मागच्या बाकावर बसा. जिथे जिथे मुलाला दुसऱ्याच्या हाताची, डोळ्यांची किंवा जिभेची मदत घ्यावी लागली, तिथे वेळ आणि निष्पत्तीचा क्रमांक टिपून ठेवा. ती टिपणं आणि रेघा ओढलेला मसुदा घेऊन समितीच्या बैठकीला जा, आणि शेवटच्या प्रकरणाचा विषय त्या बैठकीत सगळ्यात शेवटी घ्यायला सांगा.